रायफल भिंतीवर लागणार नाही

सहकारनगर, पुणे
१४ मे २००५

दादा,

नमस्कार आणि खुशाली धरून चाल. कागदावर लिहिते आहे, कारण माझी मागची ई-मेल तू सगळ्या चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवर टाकलीस. पाकीट फॉरवर्ड करायला निदान उठून झेरॉक्सपर्यंत जावं लागतं.

तुझा निरोप आईने दिला. न्यू जर्सीचं नवं घर, त्यातली फॅमिली रूम, तिथली शेकोटी आणि शेकोटीवरची रिकामी भिंत. त्या भिंतीवर तुला रायफल हवी आहे. तुझा मित्र दत्तप्रसाद ऑगस्टमध्ये पुण्यात येतोय, परत जाताना तो ती घेऊन जाईल.

उत्तर: नाही.

कस्टमच्या पावतीवर तुझं नाव आहे, हे मला माहीत आहे. हवी तर पावती पाठवते. चौकटीत छान दिसेल.

रायफल आठ वर्षं माळ्यावर होती, गाद्यांच्या मागे. गेल्या रविवारी मी ती खाली काढली. स्प्रिंग दाबायचा बाजूचा लिव्हर ओढला की शेवटपर्यंत येतो, पण पूर्वीसारखा जोर लागत नाही, आणि आतून डब्यात वाळू हलावी तसा आवाज येतो. बॅरलच्या उजव्या बाजूला बोटभर गंज. नेम धरायच्या मागच्या साइटचा स्क्रू अडकलेला. लाकूड ठणठणीत. काकांनी जर्मनीहून आणली तेव्हाच ती जुनी होती. बॅरलवर ७४ साल कोरलेलं आहे. म्हणजे माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. भिंतीला टेकायचं वय अजून झालेलं नाही तिचं.

मी ती दुरुस्त करणार आहे आणि तिच्यावर खेळणार आहे. ऑक्टोबरमध्ये राज्य स्पर्धा पुण्यातच आहे. महिला, दहा मीटर एअर रायफल, चाळीस शॉट. राष्ट्रीय स्पर्धेला जायचं तर चारशेपैकी तीनशे ऐंशी लागतात. खराडीला ऑफिसात बसून दिवसभर मी अमेरिकेतल्या गिअरबॉक्सची ड्रॉइंग तपासते. त्यात नव्याण्णव टक्के बरोबर असलं तरी ते चूकच धरतात. तीनशे ऐंशी म्हणजे पंच्याण्णव टक्के. जमायला हरकत नाही.

तुझ्या आठवणीत सत्त्याण्णव सालचं काय उरलंय मला माहीत नाही. माझ्या बाजूची नोंद अशी आहे.

एका रायफलवर आपण दोघं खेळत होतो. आधी तू, मग मी. त्या वर्षी राज्य स्पर्धेच्या सोडतीत दोघांची वेळ एकच आली, सकाळी नऊ. बाबा म्हणाले, "अभिनव खेळेल. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे." मी रेंजच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मग मोडू दे ती एकदाची." हे मी म्हणाले. नाकारत नाही.

तुझ्या सरावाच्या तिसऱ्याच शॉटला फटाक्यासारखा आवाज झाला आणि नळीतून धूर आला. रेंजवरच्या रायफली दुरुस्त करणाऱ्या बापूरावांनी ती उघडली, आत बोट घातलं आणि बाहेर काढलं. बोट तेलाने चमकत होतं. "कुणीतरी ओतलंय," ते म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू स्पर्धेच्या प्रमुख आणि आपल्या रेंजच्या कोच श्यामला मॅडमना लिहून दिलंस की रायफलशी छेडछाड झाली आहे. बिघाडात खेळाडूचा दोष नसेल तर दुसऱ्या रायफलवर पुन्हा खेळता येतं. तू खेळलास, महाराष्ट्राच्या संघात आलास. मला मात्र रेंजवर पुन्हा कुणी रायफल हातात दिली नाही. कुणी वाईट बोललं नाही. पुण्यात त्याची गरज पडत नाही.

तेल मी घातलं नव्हतं. हे तेव्हा मी चार वेळा सांगितलं होतं. ही पाचवी.

उत्कर्षा


५ जून २००५

दादा,

रायफल उघडली. आतली स्प्रिंग दबलेली असते, ती सुटून डोळा जाऊ नये म्हणून सुताराचा लांब क्लॅम्प लावून हळूहळू सैल केली. सुटे भाग क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले. आईचा आक्षेप स्क्रूंना नव्हता, ट्रेला होता.

पिस्टनच्या तोंडावरचं सील पूर्ण गेलंय. चिक्कीचा चुरा व्हावा तसं. एवढं वयानेही होतं. पण उरलेल्या कडा जळलेल्या आहेत आणि सिलिंडरच्या पुढच्या भागात काजळी आहे. वयाने काजळी धरत नाही. पिस्टन पुढे झेपावला की हवा दबते आणि तापते. तिथे तेल असलं तर पेटतं, डिझेल इंजिनात पेटतं तसं. तुझ्या तिसऱ्या शॉटला तेच झालं. इथपर्यंत नवीन काही नाही.

नवीन पुढे आहे. छर्रा ठेवायच्या खाचेच्या आत, जिथे बोट पोचत नाही, तिथे लाल रंग सापडला. आधी मला गंज वाटला. पण गंज तपकिरी असतो आणि कापसाला असा चिकटत नाही. हा तेलात कालवलेला, वाळून घट्ट झालेला लाल रंग होता, एकावर एक थर. मोजता आले तेवढे चार. मी त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला. पिवळं झालं. हळदीचं कुंकू लिंबाने पिवळं पडतं.

आपल्या घरात रायफलला वर्षातून एकदाच कुंकू लागायचं, खंडेनवमीला. बाबांचे पाने, कानशी, व्हर्नियर आणि रायफल, सगळं एका पाटावर. मंडईतून आणलेला झेंडू. आणि बाबांची पद्धत तुला ठाऊक आहे: आधी प्रत्येक हत्याराला तेल, मग कुंकू.

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी होती आणि तुझी मॅच रविवारी. मी जुनं कॅलेंडर पाहिलं.

बाबांना अजून विचारलेलं नाही. आधी तुला कळवते आहे, कारण लिहून तू दिलं होतंस. तू गैरसमजाने लिहिलंस, असंच मी आजवर धरून चालले. गैरसमज कुणाचाही होतो. तो दुरुस्त करायला श्यामला मॅडमना चार ओळी पुरतील. मॅडम अजून रेंजवरच आहेत.

उत्कर्षा


३ जुलै २००५

दादा,

रविवारी फोनवर तू म्हणालास, "झालं गेलं, उकरून काय मिळणार? तू रायफल पॅक करून ठेव." नंतर वहिनीने आईला हवामान विचारलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कुंकू कसं सापडलं, हे तू विचारलं नाहीस. बाबा काय म्हणाले, तेही नाही. कुणी मला अशी बातमी दिली असती तर मी किमान सहा प्रश्न विचारले असते. पण माझा स्वभावच तसा आहे, म्हणून सोडून देते.

सीलचं काम झालं. मूळ सील मिळत नाही, म्हणून टेफ्लॉनचं करून घ्यायचं ठरवलं. सिलिंडर तीन जागी, दोन दिशांनी मोजला, ड्रॉइंग काढलं आणि लोणी काळभोरला धोंडिबांच्या लेथवर गेले. तेच धोंडिबा, बाबांच्या हाताखाली टूलरूमला होते ते. आता गावात स्वतःचं शेड आहे. शेडच्या दारात दोन शेळ्या, आत लेथ.

त्यांनी ड्रॉइंग उलटं धरून पाहिलं, मग सुलटं.

"ताई, येवढं बारीक माप कशापायी? आमच्या पंपाला केसभर इकडं-तिकडं चालतंय."

"पंपाने निशाणा धरायचा नसतो, धोंडिबा."

"त्ये बी खरं हाय."

पहिलं सील नाकारलं. दुसरं नाकारलं. टेफ्लॉन कापताना तापतं आणि फुगतं. गरम असताना मोजलं तर माप खोटं येतं. म्हणून तिसरं कापल्यावर अर्धा तास ते खाली ठेवायला लावलं.

"सायेबांच्या वरताण हायसा तुमी," धोंडिबा म्हणाले. "सायेब निदान च्या तरी प्यायचे मधी."

मग चहा आला. त्या अर्ध्या तासात त्यांनी विचारलं, "ही तीच नव्हं, अभिनवदादाची? त्या साली सायेबांनी माझ्याकडनं स्पिंडलचं तेल मागून न्हेलं व्हतं. एकदम भारीतलं. म्हनले, पोराची मोठी म्याच हाय, पूजा बी मोठी व्हायला पायजे."

"किती नेलं?"

"बाटली व्हती की. अर्धी-पाव."

मी चहा संपवला. सील मोजलं. बसलं.

आता विचारायचं फक्त बाबांना उरलं आहे.

उत्कर्षा


१७ जुलै २००५

अभिनव,

'दादा' लिहायला घेतलं होतं. राहू दे.

काल सकाळी चहा झाल्यावर बाबांनी पेपर उघडला. मी त्यांच्यासमोर पांढऱ्या कागदावर सीलचा चुरा ठेवला आणि शेजारी पिवळा पडलेला कापूस.

"हे काय? अंगारा?"

"रायफलचं सील. धोंडिबा भेटले होते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पेपरची घडी केली.

"मग? फाशी देणार?"

"तेल तुम्ही घातलं होतं?"

"तेल न घालता हत्याराची पूजा करतात का? दरवर्षी दोन-चार थेंब घालायचो. त्या वर्षी मोठी मॅच, म्हणून जरा सढळ हाताने घातलं. हवेच्या बंदुकीत तेल पेटतं हे मला कोण सांगणार? पस्तीस वर्षं यंत्रांत काढली. तेलाने काही बिघडतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं."

"म्हणजे त्याच दिवशी कळलं होतं?"

"बापूरावांच्या बोटाचा वास आला ना. माझंच तेल."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिनवला सांगितलं."

आई स्वयंपाकघरात फोडणी देत होती. तिने गॅस बारीक केला.

"तो म्हणाला, 'बाबा, मी लेखी देऊन बसलोय. आता तेल घरचंच होतं म्हटलं तर दोष आपलाच ठरेल. पुन्हा खेळलो ते रद्द होईल, संघातून नाव जाईल. तिचं काय, ती बारावीला आहे, तिला आता अभ्यासच करायचाय.'"

"आणि तुम्ही ऐकलंत."

"मला वाटलं, लहान आहेस. विसरशील."

"मी सतरा वर्षांची होते."

"हो," बाबा म्हणाले. "तिथेच चुकलं माझं."

म्हणजे तुला माहीत होतं. मी दोन पत्रं लिहून तुला जे कळवत होते, ते तुला आठ वर्षांपासून माहीत होतं. मी तुला लिंबाची चाचणी समजावून सांगत होते.

बाबा चुकले ते मला कळू शकतं. त्यांनी तेल घातलं ते तू जिंकावंस म्हणून. गप्प बसले ते तू सांगितलंस म्हणून. तू का गप्प बसलास तेही मला कळतं, त्यात अवघड काही नाही. फक्त एक हिशेबात बसत नाही: त्यानंतर दोन वर्षं तू याच घरात होतास, माझ्यासमोर बसून जेवत होतास, आणि एकदा माझ्या वाढदिवसाला म्हणालास, "जाऊ दे, मी तुला माफ केलंय." मी त्यावर 'थँक्स' म्हणाले होते. मला तो शब्द परत हवा आहे.

मी रडले नाही. हे तुला कळवायचं कारण नाही, पण आई फोनवर वेगळं सांगेल. आई रडली.

दुपारी मी खांद्याला टेकायचा लाकडी बट कापला. तो तुझ्या हाताच्या मापाचा होता, मला अठ्ठावीस मिलिमीटर लांब. इतकी वर्षं मी मान पुढे काढून खेळले आणि श्यामला मॅडम नव्या मुलांना सांगायच्या, ही उत्कर्षाची स्टाइल आहे. स्टाइल नव्हती, लांबी जास्त होती. रेघ मारली, चिकटपट्टी लावली, लाकूड ओट्याच्या कडेला धरलं. बाबा आपणहून आले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.

"एकदा कापलं की परत लांब होत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

करवत मी चालवली. नंतर त्यांनी ट्रिगरचं काम मागितलं. त्यातला एक भाग फार नाजूकपणे घासावा लागतो.

"हात थरथरत नाहीत अजून माझे," ते म्हणाले.

"हाताचा प्रश्न नाही, बाबा."

ट्रिगर मीच केला. कापलेला तुकडा आईने खिडकीला पाचर म्हणून लावलाय. फॅमिली रूमसाठी हवा असेल तर कळव.

उत्कर्षा


२१ ऑगस्ट २००५

अभिनव,

तुझा मित्र दत्तप्रसाद काल येऊन गेला. सभ्य माणूस आहे. बबलरॅपचा भला मोठा गुंडाळा घेऊन आला होता.

"उत्कर्षा, मी फक्त कुरियर आहे, यार. मला तुमच्यात ओढू नका."

"ओढत नाही. बसा, चहा घ्या."

"अभिनव म्हणाला, या बाबतीत तू जरा इमोशनल आहेस."

मी त्याला गच्चीवर नेलं. तिथे दोन दोऱ्यांवर एक डबा टांगलाय, आत मातीचा गोळा भरलेला. छर्रा मातीत रुतला की डबा मागे झुलतो. किती झुलला यावरून छर्र्याचा वेग काढता येतो. मी दहा शॉट मारले. त्याला पट्टी धरायला लावली. वहीत आकडे मांडले: सरासरी सेकंदाला एकशे चौऱ्याहत्तर मीटर, आणि सगळ्यात जास्त व सगळ्यात कमी यांत फरक तीनचा.

"इमोशनल असते तर फरक जास्त आला असता," मी म्हणाले.

त्याने वही दोनदा पाहिली. "म्हणजे ही चालते?"

"चालते."

"त्याला वाटतंय ही भंगार आहे. म्हणून तर भिंतीवर..." मग तो खाली जाऊन चहा प्यायला. बबलरॅप ठेवून गेला. आई फावल्या वेळात फोडते आहे.

स्पर्धेचा फॉर्म द्यायला रेंजवर गेले होते. श्यामला मॅडमनी माझं नाव वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं.

"रायफल स्वतःची आणणार?"

"हो."

"तीच?"

"तीच."

त्यांनी शिक्का मारला. बाजूला दोन जुने खेळाडू उभे होते, ते एकदम सूचनाफलक वाचू लागले. त्यावर फक्त पाण्याच्या टाकीची सूचना होती.

मी मॅडमना काही सांगितलं नाही. सांगता आलं असतं; माझ्याकडे कापूस आहे, काजळीचे फोटो आहेत, धोंडिबा आहेत. पण माझ्या तोंडून हे पाच वेळा झालं. पुराव्यासकट मी म्हटलं तरी ते माझंच म्हणणं राहतं. आता ज्यांना माहीत होतं त्यांनी बोलायचं आहे. तुम्ही दोघं आहात. बाबांना मी हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "बघू." तुलाही स्पष्ट सांगते आहे.

उत्कर्षा


९ ऑक्टोबर २००५

अभिनव,

तीनशे एकोणऐंशी. एक कमी पडला.

तुझ्याकडून दीड महिन्यात पत्र नाही, फोनवर तू फक्त आईशी बोलतोस. तरी हे लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुणाकडून तुला हे अर्धवट कळेल आणि अर्धवट गोष्टींचं या घरात पुढे काय होतं ते आपण पाहिलंय.

काल सकाळी नऊची वेळ होती. बाकी सगळ्यांकडे हवेची टाकी लावलेल्या नव्या रायफली. दर शॉटला लिव्हर ओढणारी मी एकटी. शेजारच्या जागेवरच्या, जेमतेम सोळा वर्षांच्या मुलीने विचारलं, "ताई, ही म्युझियममधली आहे का?"

"हो," मी म्हणाले. "हात लावू नये."

ती हसली. तिथून पुढे मला बरं वाटलं.

पहिले दहा, पंच्याण्णव. दुसरे, शहाण्णव. तिसरे, शहाण्णव. रायफल घड्याळासारखी चालली. सील टिकलं, स्प्रिंग टिकली, ट्रिगर दर वेळी त्याच जागी सुटला. नव्या लांबीमुळे मान सरळ होती आणि पहिल्यांदाच चाळीस शॉट मारून माझा खांदा दुखला नाही. एकोणचाळिसाव्या शॉटनंतर तीनशे एकाहत्तर होते. शेवटचा नऊ पुरला असता.

अकरा मिनिटं हातात होती. साइट काळ्या वर्तुळावर आली आणि स्थिर होईना. अशा वेळी रायफल खाली घ्यायची, दोन श्वास घ्यायचे, पुन्हा उचलायची. हे मला चौदाव्या वर्षापासून माहीत आहे. मी खाली घेतली नाही. बोट दाबलं. आठ.

दुर्बिणीतून पाहिलं. आठच होता.

बापूराव लगबगीने आले. त्यांचे केस आता पूर्ण पांढरे झालेत. बिघाडाच्या तक्रारीचा फॉर्म त्यांच्या हातात तयारच होता.

"रायफलने दगा दिला का गं? लिहून दे. मी उघडून बघतो."

मागून श्यामला मॅडम आल्या. "जुनी आहे, होऊ शकतं. लिहून दिलंस तर तो शॉट पुन्हा मारायचा विचार करता येईल. कुणी काही म्हणणार नाही."

खरं सांगते, दोन-तीन सेकंद मी त्या फॉर्मकडे पाहिलं. छापील होता, फक्त सही करायची होती. एक ओळ लिहिली की एक शॉट परत. तुझ्यासमोर तो फॉर्म आला असेल तेव्हा तुला काय वाटलं असेल, हे मला त्या दोन-तीन सेकंदांत नेमकं कळलं. त्याने तुझ्याबद्दलचं माझं मत बदललं नाही.

"रायफल नीट आहे, बापूराव," मी म्हणाले. "घाई मी केली."

"अगं, एका पॉइंटसाठी..."

"आठ माझा आहे, मॅडम. लावा."

त्यांनी आठ लावला. मी रायफल उघडी करून टेबलावर ठेवली आणि वळले, तर दोरीपाशी बाबा उभे होते. मी त्यांना यायला सांगितलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मागच्या बाकावर पहिल्यापासून बसले होते म्हणे.

"श्यामलाबाई," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "सत्त्याण्णव साली या रायफलमध्ये तेल मी घातलं होतं. पूजेचं. हिने नाही. आणि हे मला त्याच दिवसापासून माहीत आहे."

शेजारची मुलगी हातमोजा काढता काढता थांबली. बापूरावांच्या हातातला फॉर्म तसाच.

"अहो, मग आठ वर्षं काय गुळणी धरून बसला होतात?" बापूरावांनी विचारलं.

"हो," बाबा म्हणाले.

अकरा माणसं होती. मी मोजली. त्यातली चार त्या वर्षीही होती. तुझं नाव बाबांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

श्यामला मॅडमनी टेबलावरच्या रायफलच्या कापलेल्या बटवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाल्या, "सोमवारी सकाळी सहाला ये. मान आता चांगली बसते तुझी." माफी वगैरे मागितली नाही. पुण्यात एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

घरी येताना बाबा स्कूटरवर मागे बसले होते, मांडीवर रायफल आडवी धरून. सिग्नलला म्हणाले, "एकच ना?"

"एकच."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी."

बाबांवरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो किती दिवस ठेवायचा हे मी ठरवीन. पण ते बोलले. साठी उलटल्यावर, सगळ्यांदेखत, कुणी विचारलेलं नसताना.

आता हे माहीत असून न बोललेला एकच माणूस उरला आहे. त्याचा पत्ता मी पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिते आहे.

उत्कर्षा